'बरं हाय' म्हणणाऱ्या माणसाचं दुखणं ओळखायचं कसं?

नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मला समजलं ते असं: आबांचं वय ६८. गोठ्यात पाय घसरून पडले आणि डाव्या नडगीचं हाड मोडलं. ऑपरेशनची गरज नाही म्हणून मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. वॉर्डात सिस्टर "दहापैकी किती दुखतंय?" विचारायच्या तेव्हा आबा "दोन" म्हणायचे. घरीही दिवसभर "बरं हाय" एवढंच. रात्री मात्र कण्हतात, कूस बदलत नाहीत, जेवण निम्म्यावर आलंय. बीपी आणि शुगर दोन्ही आहे. शेजारचे सांगतात की दुखायच्या गोळ्यांनी किडनी जाते, सोसवेल तितकं सोसू दे. तुम्ही विचारताय, गोळी त्यांनी मागितल्यावरच द्यायची की आपण होऊन, आणि कुठल्या दुखण्याला घाबरायचं?

मी कोल्हापुरात २४ वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. लोकांना वाटतं, भूल देणाऱ्या डॉक्टरचं काम ऑपरेशनपुरतं. पण मोडलेल्या हातापायाचं दुखणं ऑपरेशनच्या आधीही असतं आणि नंतरही, त्यामुळे कॅज्युअल्टीपासून वॉर्डापर्यंत आमची फेरी चालूच असते. उसाच्या ट्रॉलीवरून पडलेले, घाटात गाडी घसरलेले, आखाड्यात हात मोडून घेतलेले असे पेशंट रोजचेच. त्यातले निम्मे तुमच्या आबांसारखे असतात.

आबांना मी तपासलेलं नाही. त्यांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) किती, पूर्वी अल्सर झाला होता का, बीपीची कुठली गोळी चालू आहे, हाड किती ठिकाणी मोडलंय, यावर औषध ठरतं. त्यामुळे औषधांबद्दल पुढे जे लिहिते आहे ते तुमच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी ठेवा. दुखणं ओळखण्याचा भाग मात्र तुम्ही आज रात्रीपासून स्वतः करू शकता, आणि तो घरच्या माणसाला डॉक्टरपेक्षा चांगला जमतो.

आधी त्या 'दोन'बद्दल. दहापैकी आकडा विचारण्याची पद्धत चांगली आहे, मीही वापरते. अडचण अशी की आपल्याकडे माणूस लहानपणापासून 'कळ काढ' हेच ऐकत मोठा होतो. सोसणं हा मोठेपणा. अशा माणसाला सुनेसमोर, नातवासमोर आकडा विचारला की तो दुखण्याचा आकडा सांगत नाही, स्वतःची पत सांगतो. एकदा तालमीतला एक पोरगा आणला होता, पुढच्या हाताची दोन्ही हाडं मोडलेली. "दोन-तीन असंल," म्हणाला. कपाळावर घाम, नाडी १२०, पायाची बोटं आवळलेली. वस्ताद खाटेशेजारी उभे होते. त्यांना मी चहाला पाठवलं आणि पुन्हा विचारलं. त्यानं मान खाली घातली आणि "नऊ" म्हणाला. तेव्हापासून मी हा प्रश्न शक्यतो एकांतात विचारते.

आणि दहा म्हणजे नेमकं काय, हे कुणी समजावतच नाही. बीडकडून ऊसतोडीला आलेल्या एका बाईंचा घोटा मोडला होता. आकडा सांगता येईना. मी विचारलं, "बाळंतपणाच्या कळांपेक्षा कमी की जास्त?" त्या लगेच म्हणाल्या, "पहिल्या खेपेइतकं नाही, दुसऱ्या खेपेइतकं हाय." मला हवं ते सगळं कळलं. आबांनाही त्यांच्या आयुष्यातलं एखादं मोठं दुखणं विचारा. मुतखडा झाला असेल, दाढ काढली असेल, विंचू चावला असेल. त्याच्याशी तुलना करू द्या.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आबा 'दोन' म्हणतात तेव्हा ते निश्चल पडलेले असतात. मोडलेलं हाड स्थिर असताना कमी दुखतं आणि हलवलं की जिवाच्या आकांतानं दुखतं. म्हणून ते कूस बदलत नाहीत. त्यांनी दुखणं कमी केलेलं नाही, हालचाल कमी केली आहे. म्हणून आकडा नेहमी दोनदा विचारायचा, एकदा पडल्यापडल्या आणि एकदा हालचाल करताना. भांडं घेताना, उठून बसताना, पाय उशीवरून उचलताना काय होतं ते बघा. मी पडल्यापडल्याचा आकडा वहीत लिहिते, पण औषध ठरवते ते हालचालीच्या आकड्यावर. पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला छातीत कफ, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या आणि बद्धकोष्ठ यांतलं काहीही गाठू शकतं, आणि त्याची सुरुवात न दाबलेल्या दुखण्यातून होते. दुखण्याच्या ताणानं शुगर आणि बीपीही वर जातं. तेव्हा 'सोसू दे' हा सल्ला आबांना फुकट पडणारा नाही.

आकडा नाहीच सांगितला तर बघून ओळखा. भुवया आक्रसलेल्या, दात आवळलेले, एका हातानं मांडी धरून ठेवलेली, झोप तुटक, जेवणावरून मन उडालेलं, एरवी न चिडणारा माणूस चिडचिडा झालेला. तुम्ही लिहिलेलं कण्हणं आणि निम्मं जेवण हेच आबांचं खरं उत्तर आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा हे स्पष्ट लिहिलं की बोलून सांगणं हा वेदना दाखवण्याचा अनेकांतला एक मार्ग आहे, आणि सांगता येत नाही म्हणजे वेदना नाही असं होत नाही. लहान मुलांत तर आम्ही चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होतं का, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देऊन बेरीज करतो. विसराळू झालेल्या वृद्धांसाठीही अशीच निरीक्षणाची पट्टी आहे.

आता शब्दांकडे या, कारण इथं आपली भाषा आकड्यापेक्षा जास्त सांगते. पेशंट कुठला शब्द वापरतो ते मी जसंच्या तसं लिहून ठेवते. 'ठणका' किंवा 'ठसठस' म्हणजे बहुधा सूज. पाय खाली सोडला की वाढते, वर ठेवला की उतरते. 'चमक' किंवा 'सणक' हालचालीबरोबर आली तर हाड हलतंय किंवा भोवतालचा स्नायू आखडतोय. रात्री डोळा लागता लागता पाय दचकतो आणि कळ येते, ती याच जातीची. या दोन्ही तऱ्हा पहिल्या आठवड्यात अपेक्षित आहेत आणि दोन्हींना उपाय आहे.

'आग' किंवा 'भगभग' एकाच ठिकाणी, म्हणजे टाचेवर, घोट्याच्या हाडावर, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला होत असेल, तर मी कान टवकारते. प्लास्टर तिथं घासतंय किंवा रुततंय. ही आग दोन दिवसांनी आपोआप थांबली तर लोक सुटकेचा श्वास सोडतात. मला तेव्हा जास्त काळजी वाटते, कारण कातडी मेली की तिथली जाणीवही जाते. नंतर वास येतो किंवा प्लास्टरवर डाग उमटतो. आबांना शुगर आहे. बरीच वर्षं शुगर असलेल्यांच्या पावलांची जाणीव मुळातच मंद झालेली असते, त्यामुळे त्यांना ही आग कदाचित जाणवणारच नाही. त्यांच्या बाबतीत रोज डोळ्यांनी बघणं आणि नाकानं हुंगणं हेच खात्रीचं. प्लास्टरच्या आत खाजवायला सुई, पट्टी काही घालू देऊ नका.

'मुंग्या', 'बधिर', 'आत काहीतरी फुटंल असं ताणतंय' हे शब्द आले तर मात्र थांबायचं नाही. नडगीच्या हाडाभोवतीचे स्नायू न ताणणाऱ्या पडद्यांच्या कप्प्यांत असतात. आत सूज किंवा रक्तस्राव वाढला की कप्प्यातला दाब वाढतो आणि स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. त्याची पहिली खूण असते ती मोडीच्या मानानं फारच जास्त असं, तासातासाला चढत जाणारं दुखणं, जे गोळीला आणि इंजेक्शनला दाद देत नाही. पायाची बोटं तुम्ही हलक्या हातानं वर आणि खाली वळवली की पोटरीत किंवा नडगीत जीव कासावीस होतो. फसवणारी गोष्ट ही, की पावलावरची नाडी बराच वेळ लागते आणि बोटंही गुलाबी दिसतात, म्हणून 'रक्त तर फिरतंय' असा धीर दिला जातो.

तो धीर एकदा मीही दिला होता. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका दवाखान्यात रात्रपाळी करत होते. मोटारसायकलवरून पडलेला विशीतला मुलगा, नडगीला प्लास्टर. रात्रीतून त्यानं तीनदा इंजेक्शन मागितलं. पहिल्या दोन वेळा मी दिलं, नाडी बघितली, बोटं बघितली, पांघरूण सारखं केलं. तिसऱ्या वेळेला सिस्टर म्हणाल्या, पोरगा जरा नाजूक दिसतोय. मी मान डोलावली. पहाटे वरिष्ठ आले, प्लास्टर चिरलं, थिएटरमध्ये नेऊन कप्पे उघडले. पाय वाचला, पण पाऊल वर उचलण्याची ताकद परत आली नाही. स्नायूला असा दाब साधारण ६ तासांच्या पुढे सोसत नाही, आणि तेवढे तास माझ्यासमोरून गेले होते. पुन्हापुन्हा औषध मागणारा पेशंट नाजूक नसतो, तो काहीतरी सांगत असतो. हे मी त्याच्याकडून शिकले आणि त्याची किंमत त्यानं मोजली.

आबांना आता काही दिवस झाले आहेत. हा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि तरुणांत जास्त दिसतो, तेव्हा तुम्ही घाबरून जावं अशी लक्षणं मला तुमच्या लिहिण्यात दिसत नाहीत. पण चढतं दुखणं, बोटं वळवताना कळ, बधिरपणा यांतलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. मोठ्या रुग्णालयात, कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय असो की जवळचं दुसरं, प्लास्टर रात्री-अपरात्रीही कापून मिळतं, आणि कापताना आतल्या कापसासकट पूर्ण चिरायला हवं. अशा वेळी पाय फार उंच न ठेवता छातीच्या पातळीत ठेवा. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, धाप लागली किंवा आबा असंबद्ध बोलायला लागले, तरी हेच. म्हातारपणामुळे बरळतायत असं समजून घरी थांबू नका.

एक विनंती. कुणी हाडवैद्याकडे नेऊन तेल चोळा किंवा बांबूच्या कामट्या घट्ट बांधा म्हणालं तर नको. आपल्याकडे मुरगळलेल्या पायाला लोक पिढ्यान् पिढ्या तिकडं जातात, त्याबद्दल मी इथं बोलत नाही. मोडलेल्या, सुजणाऱ्या पायावर घट्ट बांधणी म्हणजे वर सांगितलेला दाब आपण बाहेरून निर्माण करणं. अशी काळी पडलेली बोटं मी पाहिली आहेत. हळदीचं दूध जरूर द्या, गोळी मात्र चालू ठेवून.

उपाय सांगताना मी औषधापासून सुरू करत नाही. मोडलेल्या हाडाचं सगळ्यात मोठं वेदनाशामक म्हणजे आधार. शेतात पाय मोडलेल्या माणसाला दोन सरळ उसांमध्ये पाय ठेवून, वरचा आणि खालचा सांधा धरून फेट्यानं बांधून आणलेलं मी पाहिलंय, आणि तो माणूस मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलेल्यापेक्षा कितीतरी शांत होता. तुमच्या घरी आता प्लास्टर हा आधार आहे. त्याला वरती उचलण्याची जोड द्या. खाटेच्या पायथ्याच्या दोन्ही पायांखाली एकेक वीट ठेवा. वाकळेची जाड घडी पोटरीखाली द्या, टाच मोकळी अधांतरी राहू द्या, आणि बोटं छातीपेक्षा वर. दिवसा खुर्चीत बसले तरी पाय खाली लोंबू देऊ नका. तुम्ही म्हणता रात्रीच दुखतं. त्यात दिवसभर पाय खाली राहिल्याची सूज असते, आणि गप्पांना कुणी नाही, मन रमत नाही हेही असतं. दोन्हीला उपाय आहे.

औषधाचा पाया पॅरासिटामॉल. यकृत ठीक असलेल्या, फार कृश नसलेल्या वृद्धाला मी सहसा ६५० मिलिग्रॅमची गोळी दर ६ तासांनी, दिवसाला ४, अशी घड्याळाप्रमाणे सुरू करते. निरोगी प्रौढाची कमाल मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम, आणि कृश असेल किंवा दारूची सवय असेल तर बरीच कमी. फक्त सर्दी-तापाच्या आणि 'पॅरासिटामॉलसह' येणाऱ्या जोडगोळ्यांमध्येही तेच औषध असतं, ती बेरीज विसरू नका. गोळी काम करायला अर्धा ते एक तास घेते. दुखणं शिगेला पोचल्यावर दिली की तो तास आबा कण्हत काढणार, आणि तुम्हाला वाटणार गोळी उपयोगाची नाही. म्हणून ती मागण्याआधी द्यायची. आंघोळीच्या, व्यायामाच्या तासभर आधी एक खुराक पडेल अशा वेळा बसवा, आणि एक झोपताना.

शेजाऱ्यांचं बरोबर आहे ते डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गटाबद्दल. सूज उतरवायला ही औषधं उत्तम, तरुण पेशंटला काही दिवस मी निःशंक देते. पण ६८ वय, शुगर, बीपी, त्यात टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी बीपीची गोळी आणि वर लघवीची गोळी चालू असेल, तर किडनीवर तिहेरी भार पडतो. क्रिएटिनिन तपासल्याशिवाय आबांना मी हा गट देणार नाही. दुकानातून सांगून आणलेल्या पाकिटावर ही नावं आहेत का ते आजच बघा. यांनी हाड जुळायला उशीर होतो का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. थोड्या दिवसांच्या वापरानं मोठा फरक पडतो असं मला कामात दिसलेलं नाही.

पॅरासिटामॉल आणि उंचवटा यांनी रात्र निघत नसेल तर डॉक्टर ट्रामाडॉलसारखं औषध लहान मात्रेत देऊ शकतात. त्यानं मळमळतं, चक्कर येते आणि पोट साफ होत नाही. प्लास्टरमध्ये भांड्यावर बसून कुंथणं हे दुखण्याइतकंच हाल करणारं असतं, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून जोडीला मागून घ्या. फिट्स येत असतील किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगा. गोळी घेतल्यावर आबांनी एकट्यानं उठायचं नाही, दुसरा पाय मोडायला तेवढं पुरतं.

मॉर्फिनचं, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या जोरदार वेदनाशामकाचं विचाराल तर, कॅज्युअल्टीत मोडलेली मांडी घेऊन आलेल्याला मी ते शिरेतून थोडंथोडं, श्वासावर नजर ठेवून देते आणि मग उतरत्या पायरीनं साध्या गोळ्यांवर आणते. साध्या गोळीपासून मॉर्फिनपर्यंत पायऱ्या असलेली जागतिक आरोग्य संघटनेची प्रसिद्ध शिडी १९८६ मध्ये कॅन्सरसाठी मांडली गेली, तिथं खालून वर चढायचं. मोडलेल्या हाडात बहुतेकदा वरून खाली उतरायचं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन ठेवायला परवानग्या लागतात. २०१४ च्या दुरुस्तीनं ते सोपं झालं, तरी छोट्या दवाखान्यांत सहसा मिळत नाही. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांना तर मी जांघेजवळ नस बधिर करणारं इंजेक्शन सोनोग्राफीत बघून देते. अर्ध्या तासात माणूस हसून बोलतो. नडगीत मात्र पहिले दोन दिवस मी पूर्ण बधिर करायला कचरते, कारण धोक्याची ती कळ झाकली जाऊ नये. याबाबत आमच्यात मतभेद आहेत, हे माझं मत.

थोडक्यात आज रात्रीचं: वीट आणि वाकळ, झोपताना डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, बोटं वळवून बघणं, नख दाबल्यावर पांढरं झालेलं दोन सेकंदांत गुलाबी होतंय का बघणं. वहीत तीन रकाने आखा: वेळ, पडल्यापडल्याचा आकडा, उठवतानाचा आकडा. गोळीनंतर तासानं पुन्हा विचारा. दोन दिवसांची ही वही घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर त्यांना औषध ठरवायला दुसरं फारसं काही लागणार नाही.

आणि आबा गोळी नाकारतील. "कशाला, बरं हाय की," म्हणतील. त्यांच्याशी दुखण्यावरून वाद घालू नका. सांगा, की डॉक्टर म्हणालेत, ही घेतली की सकाळी उठून बसता येईल, आणि बसता आलं तर खुर्ची गोठ्याच्या दारात लावून देतो, म्हशीची धार तुमच्या डोळ्यांसमोर काढू. माझ्या पेशंटांनी या बोलीवर गोळ्या घेतल्या आहेत. वही भरली की दोन दिवसांनी आकडे मला कळवा.